अभ्यासाची भाषा आणि हातातला मोबाइल : वस्तीतील अभ्यासवर्गांसाठी मार्गदर्शिका

नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ असा पाठ आहे. भुकूममध्ये आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात तो वाचत असताना एका मुलीने मध्येच विचारले, “ताई, ओझं घेऊन नुसतं उभं राहिलं तर कार्य शून्य, असं इथं म्हणतात. माझी आई बांधकामावर पाटी घेऊन उभी असते, ते काम नाही का मग?” वर्गात कुणी हसले नाही. तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी पाटी उचलणारे आहे.

त्या मुलीला धडा कळला नव्हता असे नाही. तो कळला होता म्हणूनच तिला प्रश्न पडला. अडचण एवढीच होती की पुस्तकाने रोजच्या जगण्यातला शब्द उचलून त्याला वेगळा, नेमका अर्थ दिला आणि हे तिला कुणी सांगितले नाही. भौतिकशास्त्रात बल लावले आणि वस्तू त्या बलाच्या दिशेने सरकली तरच कार्य झाले असे म्हणतात. पाटी डोक्यावर चढवताना कार्य होते, ती धरून उभे राहताना होत नाही. आईच्या कष्टांचे मोजमाप करणे हा त्या व्याख्येचा हेतूच नाही.

तसाच दुसरा शब्द ‘विस्थापन’. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो याच मुळशी तालुक्यात. तरीही धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. इथल्या माणसांना विस्थापन म्हणजे घर सुटणे. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र निघालेल्या जागेपासून पोहोचलेल्या जागेपर्यंतचे सरळ रेषेतले अंतर म्हणजे विस्थापन. शब्द एकच, पण भाषा दोन.

आपली मुले अभ्यासात मागे पडतात तेव्हा ‘डोकं नाही’, ‘लक्ष नाही’, ‘घरचं वातावरण नाही’ ही कारणे लगेच पुढे येतात. भाषेचे कारण सहसा कुणी सांगत नाही. अभ्यासाची भाषा वेगळी शिकवावी लागते आणि आपल्या वस्त्यांमध्ये पोहोचलेल्या साध्या मोबाइलच्या मदतीने ती शिकवता येते. विहारात, समाजमंदिरात किंवा घराच्या ओट्यावर वर्ग घेणाऱ्या तरुणांसाठी ही मार्गदर्शिका आहे.

अभ्यासाची भाषा म्हणजे काय?

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये भाषेच्या दोन पातळ्या वेगळ्या केल्या. पहिली बोलण्या-चालण्याची आणि दुसरी शाळेची. दुसरी भाषा शिकणारी मुले साधारण दोन वर्षांत त्या भाषेत सहज बोलू लागतात, पण तीच भाषा अभ्यासासाठी वापरता यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांनी दाखवले. म्हणून फाडफाड बोलणारा मुलगा उत्तरपत्रिकेत का अडतो, याचे आश्चर्य वाटायला नको.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू आणि त्यांचे सहकारी पासरों यांनी आणखी एक गोष्ट मांडली. विद्येची भाषा कुणाचीच मातृभाषा नसते, पण काही घरांतली बोली तिच्या जवळची असते आणि काहींची दूरची. जवळच्या घरातले मूल शाळेत येते तेव्हा निम्मी वाट चाललेले असते. शाळा मात्र सगळे एकाच रेषेवरून धावतात असे धरून गुण देते.

शिकवण्याच्या सोयीसाठी या भाषेतले शब्द तीन गटांत विभागावेत.

1. पारिभाषिक शब्द. अपवर्तन, आम्लारी, प्रकाशसंश्लेषण, सार्वभौमत्व. हे अवघड दिसतात, पण पुस्तक त्यांची व्याख्या देते आणि शिक्षकही त्यांवर थांबतात.

2. सर्व विषयांत फिरणारे शब्द. परिणामी, तथापि, अनुक्रमे, सापेक्ष, अप्रत्यक्ष, घटक, निकष. यांची व्याख्या पुस्तकात नसते, ते येतात असे गृहीत धरलेले असते. ‘व्यस्त’ हा शब्द मुलांनी हिंदीतून ऐकलेला असतो, फोन लागला नाही की. त्यामुळे गणितात ‘व्यस्त प्रमाण’ आले की काहींना ते कामात गुंतलेले प्रमाण वाटते.

3. प्रश्नातले शब्द. कारणे द्या, फरक स्पष्ट करा, सोदाहरण लिहा, विधान सकारण स्पष्ट करा, टीप लिहा. प्रश्न नेमके काय मागतो हे न कळल्यामुळे उत्तर येत असूनही गुण जातात.

आमच्या वर्गाचा अनुभव असा की मुले पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात जास्त अडतात. इंग्रजीसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये सर्व विद्याशाखांत येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी तयार केली. त्याच धर्तीवर पाठ्यपुस्तकांतून आपल्या वर्गापुरती मराठी यादी आपल्यालाही करता येते. पाचसात मुलांच्या गटाचे ते एका सुट्टीतले काम आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छांदस भाषेत बसवण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि धम्म ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुमती दिली. आपापल्या बोलीत शिकावे, असा या अनुमतीचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. ज्ञानाच्या दाराला भाषेचे कुलूप नको, ही त्यामागची भूमिका.

बाबासाहेबांना शाळेत अस्पृश्यतेमुळे संस्कृत हा विषय घेऊ दिला नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले. उत्तरायुष्यात तर त्यांनी पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थ देणारा कोश तयार करायला घेतला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी मालिकेत, खंड 16 मध्ये तो आहे. ज्यांना एक भाषा नाकारली गेली, त्यांनी चार भाषांतल्या अर्थांचा कोश रचला. शब्दसंग्रह करणे हे आपल्याकडे कारकुनी काम नाही, चळवळीचे काम आहे.

भुकूमपासून जवळच, लवळ्याच्या परिसरात दोन मोठी खासगी विद्यापीठे उभी आहेत. आमच्या मुलांना त्यांच्या इमारती आणि बसगाड्या रोज दिसतात. तिथले अंतर किलोमीटरमध्ये थोडे आहे. फीचे अंतर मोठे आहे आणि त्याच्यासाठी शिष्यवृत्तीची, आरक्षणाची लढाई लढावी लागते. भाषेच्या अंतराचे काम मात्र आपण आजच हातात घेऊ शकतो.

कोणती साधने वापरावीत?

नवे ॲप शोधत बसण्याआधी पुढील मोफत साधने नीट वापरावीत.

बालभारतीची दोन पुस्तके शेजारी-शेजारी. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. एकाच इयत्तेचे विज्ञानाचे मराठी आणि इंग्रजी माध्यमाचे पुस्तक उतरवून घ्या. धडे त्याच क्रमाने, बहुतेक त्याच आकृत्यांसह येतात. मराठी परिच्छेद वाचून लगेच इंग्रजी परिच्छेद वाचला की वेगळा द्विभाषिक कोश विकत घ्यावा लागत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी विज्ञानाला इंग्रजीत बसणाऱ्या मुलांसाठी याहून उपयोगी साधन मला माहीत नाही. पुस्तक एकदा उतरवले की पुढे इंटरनेटही लागत नाही.

दीक्षा. केंद्र सरकारचा हा मंच 2017 मध्ये सुरू झाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केला की त्या घटकाचे साहित्य उघडते. चित्रफीत सलग दाखवू नका. नवा शब्द आला की थांबवा, मुलांना तो त्यांच्या भाषेत सांगू द्या, मग पुढे जा.

कोश. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. त्याचा ‘परिभाषा संग्रह’ तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली 1973 मध्ये निघाला. राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाची स्थापना 1961 मधली, त्याच्या शब्दावल्याही शोधता येतात. मुलांना कोश थेट देऊ नका, आधी वाक्यावरून अर्थाचा अंदाज करायला लावा. अंदाज चुकला तर कोशातला अर्थ अधिक पक्का बसतो.

आवाजाने टंकलेखन. गूगलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचे बटण दाबले की बोललेले अक्षरांत उमटते. मुलाला व्याख्या स्वतःच्या शब्दांत बोलायला सांगा आणि पडद्यावर काय उमटले ते वाचायला लावा. लिहायचा कंटाळा असलेली मुलेही यात रमतात. मोबाइलला बोलीतला शब्द पकडता आला नाही तर ‘तू चुकीचं बोललास’ असे म्हणू नका. ‘त्याला आपली बोली येत नाही’ असे सांगा, कारण तेच खरे आहे.

व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज. ‘अपवर्तन म्हणजे काय, ते आजीला समजेल असे अर्ध्या मिनिटात सांग.’ एवढा गृहपाठ पुरे. पाठ केलेले आणि समजलेले यातला फरक आवाजातून लगेच कळतो.

उजळणीची पत्ते. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये विसरण्याचा वेग मोजला होता. एकदा शिकलेले पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक विसरते. योग्य अंतराने आठवून पाहिले तर ते टिकते. अँकी हे ॲप याच तत्त्वावर शब्दांची पत्ते पुन्हा-पुन्हा समोर आणते. अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावे लागते. मोबाइल नसेल तर सेबास्टियन लाइटनर यांची 1972 मधली खोक्याची पद्धत वापरा. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करा. शब्द आला की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकला की पहिल्यात. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे वाढत्या अंतराने.

पत्त्याच्या मागे पुस्तकी व्याख्या उतरवू नये, मुलाचे स्वतःचे वाक्य लिहावे. ‘व्यस्त प्रमाण’ या पत्त्यामागे आमच्या एका मुलाने लिहिले, “मजूर वाढले की दिवस कमी होतात.” हा शब्द तो आता विसरणार नाही.

गोष्टी. लहान वर्गांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीविव्हर हे 2015 पासून सुरू असलेले संकेतस्थळ आहे. त्यावरच्या मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे छापून वाटताही येतात. वाचनाचा पाया कच्चा असेल तर परिभाषेची घाई करू नका, आधी गोष्टी वाचू द्या.

आठवड्याची पद्धत

साधने बरीच आहेत, वेळ थोडा असतो. आम्ही आठवड्याला आठच शब्द घेतो. तीन पारिभाषिक, तीन सर्व विषयांतले आणि दोन प्रश्नातले.

- सोमवार : शाळेत चालू असलेल्या धड्यातून मुले स्वतः शब्द निवडतात. शाळेचा धडा सोडून वेगळे काही घेत नाही.
- मंगळवार : वाक्यावरून अर्थाचा अंदाज, मग कोश. ‘घरी याला काय म्हणतात?’ हा प्रश्न प्रत्येक शब्दाला विचारायचा.
- बुधवार : इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातला तोच परिच्छेद. इंग्रजी प्रतिशब्द आणि त्याचा उच्चार.
- गुरुवार : अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण.
- शुक्रवार : पत्ते तयार करणे आणि जुन्या पत्त्यांची उजळणी.
- रविवार : वंदनेनंतर अर्धा तास. आठांपैकी किमान चार शब्द वापरून प्रत्येकाने पाच-सहा ओळी लिहायच्या आणि सर्वांसमोर वाचायच्या.

सगळे शब्द गूगल शीटमध्ये नोंदवा. रकाने असे ठेवा : शब्द, विषय आणि धडा, घरचा शब्द, पुस्तकातला अर्थ, इंग्रजी प्रतिशब्द, मुलाचे वाक्य. वर्षाअखेरीस हाच तुमच्या वस्तीचा कोश होतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोगी पडतो.

रविवारचे लेखन वगळू नका. शब्द ओळखता येणे आणि शब्द वापरून आपले म्हणणे मांडता येणे यात मोठे अंतर आहे. परीक्षेत, मुलाखतीत, ग्रामसभेत दुसरीच गोष्ट लागते.

एक मोबाइल, दहा मुले

बहुतेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो दुसऱ्या पाळीला गेलेल्या वडिलांच्या खिशात असतो. म्हणून प्रत्येक मुलाकडे फोन हवा अशी आखणी करू नका. कार्यकर्त्याचा एक फोन आणि पन्नास पानांची वही पुरते. पुस्तके आणि चित्रफिती आधीच उतरवून आणा. तीन-तीन मुलांचे गट करा. एक शब्द शोधतो, दुसरा वाचतो, तिसरा वहीत लिहितो आणि कामे रोज बदलतात. मुलींच्या हाती फोन येतो की नाही याकडे मुद्दाम लक्ष द्या. एरवी फोन दादाकडे आणि वही ताईकडे, अशी वाटणी आपोआप होते.

पिरंगुट परिसरातल्या कारखान्यांमुळे आणि बांधकामांमुळे बाहेरून आलेली कुटुंबे इथे आहेत. आमच्या वर्गात मराठवाड्याची, विदर्भाची, मावळी बोली बोलणारी आणि घरात हिंदी बोलणारी मुले एकत्र बसतात. ‘घरचा शब्द’ हा रकाना त्यामुळे रंगतो. एकाच वस्तूची चार नावे ऐकली की पुस्तकातला शब्द हा त्यांपैकीच एक, नियमाने ठरवलेला शब्द आहे, हे मुलांना आपसूक कळते. आपली बोली अशुद्ध आहे हा न्यूनगंडही सैल होतो.

सावध कुठे राहावे?

यांत्रिक भाषांतर. इंग्रजीतला एकच शब्द विषयानुसार मराठीत बदलतो. ‘सेल’ म्हणजे जीवशास्त्रात पेशी, विजेच्या धड्यात घट. ‘सोल्यूशन’ म्हणजे रसायनशास्त्रात द्रावण, गणितात उकल. ‘बेस’ म्हणजे रसायनशास्त्रात आम्लारी, घातांकांत पाया. ‘पॉवर’ म्हणजे भौतिकशास्त्रात शक्ती, नागरिकशास्त्रात सत्ता. एकटा शब्द भाषांतराला टाकला तर यातले काहीही हाती येते. पूर्ण वाक्य टाका आणि मिळालेला शब्द पाठ्यपुस्तकात शोधून खात्री करा.

हिंदी चित्रफिती. यूट्यूबवर हिंदीत भरपूर साहित्य आहे आणि मुले ते पाहतात. पण हिंदीत ‘बेस’ला क्षारक म्हणतात आणि ‘सॉल्ट’ला लवण. मराठी पुस्तकात ‘सॉल्ट’ला क्षार म्हणतात. चित्रफितीतला क्षारक आणि पुस्तकातला क्षार एकच समजून मूल उत्तर लिहिते आणि अख्खे उत्तर उलटते. हिंदी चित्रफीत दाखवली तर दोन्ही भाषांतले शब्द फळ्यावर शेजारी लिहा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे चॅटबॉट. उदाहरणे मागण्यासाठी, ‘हे सातवीच्या मुलाला समजेल असे सांग’ असे म्हणण्यासाठी ते उपयोगी आहेत. पण मराठी पारिभाषिक शब्द ते कधी कधी स्वतःच बनवतात आणि चूकही ठामपणे सांगतात. शिवाय मूल उत्तर तिथून उतरवू लागले की शब्द त्याचा होत नाही. आमच्याकडे नियम आहे : आधी स्वतःचे वाक्य, मग यंत्राचे, मग दोन्हींची तुलना.

जुने कोश. मोल्सवर्थचा कोश (1831, सुधारित आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश ऑनलाइन मिळतात. शब्दांच्या इतिहासासाठी ते मोलाचे आहेत. पण जातींविषयीच्या अनेक नोंदींत त्या काळचा तुच्छभाव जसाच्या तसा आहे. मुलांनी स्वतःच्या समाजाचे नाव तिथे शोधले तर त्यांच्यासोबत बसा आणि कोश कुणी, कोणाला विचारून लिहिला यावर बोला.

मुलांची माहिती. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. गट पालकांच्या क्रमांकावर करा. मुलांचे आवाज आणि फोटो संस्थेच्या प्रचारासाठी बाहेर पाठवू नका.

परिणाम कसा पाहावा?

किती शब्द पाठ झाले ही मोजणी फसवी असते. महिन्याच्या सुरुवातीला न शिकवलेल्या उताऱ्यावर एक ‘सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न द्या आणि उत्तर जपून ठेवा. महिनाअखेर तसाच दुसरा प्रश्न द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परिणामी’, ‘याउलट’ असे जोडणारे शब्द आले का, उत्तर दोन ओळींवरून पाच ओळींवर गेले का, ते पाहा. हे मुलालाही दाखवा. आपली वाढ त्याला स्वतः दिसली पाहिजे.

शेवटी त्या मुलीबद्दल

‘कार्य’ या शब्दाचा पत्ता तिने स्वतः लिहिला. पुढच्या बाजूला शब्द. मागे दोन वाक्ये : “विज्ञानात वस्तू बलाच्या दिशेने सरकली तरच कार्य होते. माझी आई करते त्याला श्रम म्हणतात आणि त्याची मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे.”

पहिल्या वाक्याला परीक्षेत गुण मिळतील. दुसरे वाक्य अभ्यासक्रमात नाही, पण तेही त्याच भाषेने तिला लिहिता आले. आपल्या विहारात वर्ग चालत असेल तर येत्या रविवारी आठ शब्दांनी सुरुवात करा. वर्ग नसेल तर तीन मुले आणि एक फोन पुरेसा आहे.

जय भीम.